थोरलीचं एमबीए: सोलापुरातल्या एका घराचा हिशोब

नावं देत नाही. पूर्व भाग तसा मोठा आहे, पण टॉवेलवाल्यांच्या गल्ल्या छोट्या. दोन खुणा सांगितल्या की घर ओळखू येतं. एवढंच सांगतो की खाली आठ लूम, वर राहतं घर आणि मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. त्यांचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम सोळा वर्षं माझ्याकडे आहे. मुलं दोन. हे प्रकरण थोरलीचं.

२०२४ च्या जूनमध्ये एका दुपारी अण्णा तिला घेऊन नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात आले. टेबलावर एक पावती ठेवली आणि म्हणाले, "थोरलीचं एमबीएचं करून टाकलं सर. फायनान्समध्ये. सीट पक्की."

पावती साध्या पॅडवरची होती. रुपये दहा हजार, "बुकिंग", तारीख, अर्धा उमटलेला शिक्का. पावतीवर नंबर नव्हता. आमच्या धंद्यात माणूस आधी नंबर बघतो, मग रक्कम.

"उशीर केला तर फायनान्स फुल होतंय म्हणाले," अण्णा म्हणाले.

थोरली पंख्याखाली उभी होती. बी.कॉम. ६८ टक्के, त्या वर्षीच्या एमबीए सीईटीला ७१ पर्सेंटाइल. तिने एकच विचारलं, "काका, हे करून मला नक्की काय काम मिळेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. होतं, पण ते द्यायची भीती वाटली. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पक्षकाराला मी असंच ठासून सांगितलं होतं, की मुलाला पुण्याला पाठवा, पैशाचं बघू. नऊ लाख लागले. तो मुलगा आज क्रेडिट कार्डं विकतो आणि हप्ता बाप भरतो. दिवाळीला त्यांच्याकडचा फराळ अजून येतो, पण डबा दारातूनच देऊन जातात. म्हणून या वेळी म्हटलं, आठ दिवस द्या. पावती राहू द्या माझ्याकडे.

तिला काय येत होतं

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा निकाल यावर टेकला आहे.

अण्णांना बँकेची पंधरा लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे. दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. कारखान्यात किती सूत, किती तयार टॉवेल, बाजारात किती उधारी, आपण सूतवाल्याचं किती देणं. त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते, म्हणजे पंधरा लाख मंजूर असले तरी या महिन्यात प्रत्यक्ष किती उचलता येतील ते. बारावीपासून हे स्टेटमेंट थोरली भरते. मे महिन्याचं तिने माझ्यासमोरच भरलं होतं.

सूत ६ लाख २० हजार, तयार माल ९ लाख ४० हजार. बेरीज १५ लाख ६० हजार. त्यातून सूतवाल्याचं देणं ५ लाख ६० हजार वजा. राहिले दहा लाख. बँक त्यावर २५ टक्के मार्जिन ठेवते, म्हणजे हाती साडेसात. उधारी एकूण १३ लाख ४० हजार. उधारीवर मार्जिन ४० टक्के. सरळ हिशोबाने उधारीचे ८ लाख ४ हजार धरले तर ड्रॉइंग पॉवर साडेपंधरा लाखांच्या वर जाते, मर्यादा पूर्ण वापरता येते, सगळे खूश.

पण तिने यादीवर पेन्सिल फिरवली आणि हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचे २ लाख ४० हजार बाजूला काढले. ९० दिवसांवर गेले होते. बँकेच्या मंजुरीपत्रात अशी उधारी धरायची नाही असं स्पष्ट आहे. उरले ११ लाख, त्याचे ६ लाख ६० हजार. ड्रॉइंग पॉवर आली १४ लाख १० हजार. खात्यावर त्या दिवशी १४ लाख ६५ हजार उचललेले. "अण्णा, ५५ हजार भरावे लागतील," ती म्हणाली. अण्णांनी कपाळाला हात लावला. "सगळे जुनी उधारी तशीच दाखवतात की गं." ती म्हणाली, "सगळ्यांचं खातं मी बघत नाही."

मर्यादेबाहेर सलग ९० दिवस राहिलेलं खातं बँकेला एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्ज, धरावं लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बँकेतल्या बाईंनी एकदा दटावलं होतं, तेव्हापासून डोक्यात बसलं.

म्हणजे कर्ज देताना बँकेचा माणूस जे बघतो, ते ही मुलगी बारावीत असल्यापासून कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने बघत होती. त्या बुकिंगच्या पावतीवर यातलं काहीच नव्हतं. अण्णांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांच्या लेखी ते घरकाम, आणि फायनान्स म्हणजे काहीतरी टायवालं.

"फायनान्स" हा शब्द

घोळ या शब्दातच आहे. सोलापुरात "पोरगी फायनान्समध्ये आहे" म्हटलं की चार वेगळ्या कामांपैकी कुठलंही असू शकतं, आणि ऐकणारा त्यातलं सगळ्यात चकचकीत समजतो.

सगळ्यात जास्त नोकऱ्या विक्रीच्या. विमा, पर्सनल लोन, डीमॅट खाती. पदाचं नाव रिलेशनशिप ऑफिसर, हाताखाली स्वतःची दुचाकी, महिन्याचं टार्गेट. वाईट काम नाही. ज्याला माणसं जोडता येतात तो यात वर जातो. पण त्यासाठी दोन वर्षं एमबीए करायची गरज नसते; कुठलाही पदवीधर चालतो.

दुसरं काम कर्जतपासणीचं. बँक, फायनान्स कंपनी, नागरी सहकारी बँक. ताळेबंद वाचायचा, कारखाना बघायचा, फाइल मंजुरीला ठेवायची. सोलापूरसारख्या शहरात हे काम खरंखुरं आहे, कारण इथे टॉवेल आहे, साखर कारखाने आहेत, डाळिंबवाले आहेत. आणि गरज आहे ती चांगल्या माणसांची. आपल्याच शहरातल्या एका नागरी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांचे चेहरे मी माझ्याच ऑफिसात बघितलेत. पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यात सुरक्षित असते, त्यावरची हवालदिल.

तिसरं काम पुण्याचं. खराडी, हिंजवडीत परदेशी बँकांची आणि फंडांची मोठी ऑफिसं आहेत. तिकडे फंडाच्या मालमत्तेतून देणी वजा करून, युनिटच्या संख्येने भागून रोजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, काढतात, व्यवहार जुळवतात, ग्राहकांची कागदपत्रं तपासतात. शिफ्टचं काम, पण एसीत, आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार.

चौथं दलाल स्ट्रीट आणि बांद्रा-कुर्ला संकुलातलं. कंपन्यांचं संशोधन, विलीनीकरणाचे सौदे. टीव्हीवर दिसतं ते. तिथे जमनालाल बजाजसारख्या संस्थेतून जातात, आणि बजाजला सीईटीत ९९ च्या वर पर्सेंटाइल लागतात. ७१ वाल्याने त्या दाराचा विचार सध्या सोडावा. हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती हसली. "ते मला माहितीय काका."

म्हणून प्रश्न "फायनान्सला स्कोप आहे का" असा नव्हताच. दुसऱ्या आणि तिसऱ्या दारापाशी ही डिग्री नेऊन पोचवते का, आणि किती पैशात, एवढाच होता.

यादीतले सात फोन

पावती देणाऱ्या कॉलेजच्या माहितीपत्रकात नोकरी लागलेल्या ४१ मुलांची यादी होती. फोटो, कंपनी, गळ्यात पट्टा. वर ठळक अक्षरात "सर्वाधिक पॅकेज".

सर्वाधिक पॅकेज हा आकडा मी हिशोबात धरत नाही, तुम्हीही धरू नका. सरासरीही जपून. पाच मुलांपैकी तिघांना तीन लाख, एकाला साडेतीन आणि एकाला बारा लाख मिळाले तर सरासरी निघते ४ लाख ९० हजार. पाचांतल्या चौघांना तेवढे मिळालेलेच नाहीत. मधल्या मुलाचा पगार विचारायचा. या पाचांत तो तीन लाख. शिवाय सरासरी काढताना ज्यांना काहीच लागलं नाही ते धरलेत का, हेही विचारायचं. आम्ही विचारलं. पलीकडचे सर म्हणाले, तो डेटा तयार होतोय.

मग थोरलीने ते केलं जे मला सुचलं नव्हतं. यादीतली अकरा नावं तिने लिंक्डइनवर आणि मैत्रिणींच्या ओळखीतून शोधली आणि सात जणांशी प्रत्यक्ष बोलली. वहीत रकाने आखून.

चौघं विक्रीत, त्यातल्या दोघांनी वर्षाच्या आत सोडलं होतं. एक मुलगा पंढरपूरकडे मायक्रोफायनान्समध्ये. सकाळी सहाला बाहेर, पण चौदा महिन्यांत शाखा त्याच्या हाताखाली आली. एक साखर कारखान्याच्या अकाउंट्सला, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "मामांनी चिकटवलं, कॉलेजने नाही." सातवी खराडीत फंड अकाउंटिंगला.

या सातवीशी ती पाऊण तास बोलली. तिची नोकरी यादीत कॉलेजच्या खात्यावर दाखवली होती, पण ती स्वतः वॉक-इनला गेली होती, तीनदा. मुलाखतीत कॉलेजचं नाव कुणी काढलं नाही. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट करून दाखवायला लावलं, दोन जर्नल एंट्र्या विचारल्या, आणि इंग्रजीत दोन मिनिटं स्वतःबद्दल. "तिथं मी दोनदा आपटले," ती म्हणाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आपल्या थोरलीसारखंच.

पण शेवटी तिने एक गोष्ट सांगितली आणि माझ्या मते सगळ्या आठवड्यातली कामाची माहिती तीच. तिच्या कंपनीच्या जाहिरातीत "एमबीए फायनान्स किंवा सीए इंटर" (सीएची मधली परीक्षा) असं लिहिलेलं होतं. नुसत्या बी.कॉम.वाल्यांची भरती वेगळी, एक पायरी खाली, पगारही कमी.

म्हणजे डिग्रीचं काम गेटपासचं. आत काय चाललंय ते गेटपास शिकवत नाही, पण तो नसेल तर वॉचमन सोडत नाही. आणि गेटपासवर कुठल्या प्रेसचं नाव छापलंय हे वॉचमन बघत नाही. माझ्या बी.कॉम.वर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ मध्ये मिळालं, तेही एका जिल्ह्यापुरतं, आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं. लोक मला विचारतात, या विद्यापीठाची डिग्री पुण्यात चालते का. डिग्री डिग्रीच असते. चालत नाही ते कॉलेजच्या नावावर नोकरी मागायला जाणं.

पुण्याचा हिशोब

दरम्यान अण्णांच्या मेहुण्यांनी पुण्यातल्या एका संस्थेचं नाव सुचवलं. पीजीडीएम, म्हणजे एमबीएच्या तोडीचा डिप्लोमा. बापलेक सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन बघून आले. इमारत काचेची, कॉफीचं मशीन, वर्गात प्रत्येकासमोर माइक. अण्णा भारावून आले. फी आणि राहणं धरून दहा लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं.

मी कागद घेतला. पहिल्या वर्षी पाच लाख, दुसऱ्या वर्षी पाच. व्याज साडेदहा टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज धावतच असतं. पहिल्या पाच लाखांवर तीन वर्षांचं सरळव्याज १ लाख ५७ हजार ५००, दुसऱ्यावर दोन वर्षांचं १ लाख ५ हजार. हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज १२ लाख ६२ हजार ५००. दहा वर्षांच्या मुदतीला महिना साधारण सतरा हजार.

आता खराडीतली नोकरी लागली असं धरू. वर्षाला साडेचार लाखांचं पॅकेज, हातात साडेएकतीस हजार. खोलीतला वाटा, मेस, जाणं-येणं मिळून काटकसरीने चौदा हजार. हप्ता सतरा. उरले पाचशे.

"पाचशेत मोबाइलचा रिचार्ज होतो," थोरली म्हणाली. अण्णा हसले नाहीत.

मेहुणे म्हणाले, व्याजावर ८०ई ची करसूट मिळते. मिळते, पण जुन्या करपद्धतीत, आणि ज्याला कर बसतो त्याला. साडेचार लाखांवाल्याला ती सूट म्हणजे टकल्याला कंगवा.

त्याहून मोठी अडचण मेहुण्यांना ठाऊक नव्हती. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, सरकारी हमी योजना असते. दहाला मागते. आणि अण्णांचं घर-कारखाना आधीच त्या पंधरा लाखांच्या मर्यादेला गहाण पडलेलं. उरल्या खासगी फायनान्स कंपन्या. एकीने व्याज तेरा टक्के सांगितलं आणि ते शिक्षण चालू असतानाच दर महिन्याला भरायचं म्हटलं. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना आणली, विनातारण कर्जाची. पण ती राष्ट्रीय क्रमवारीत वरच्या संस्थांसाठी. काचेची इमारत हा त्यात निकष नाही.

पुणे तिथेच संपलं.

बाकीच्या दोन वाटा

सीएची वाट होती. बी.कॉम.ला ५५ टक्क्यांच्या वर असल्यामुळे फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता आलं असतं, आणि नव्या पद्धतीत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. माझा कल तिकडे होता, लपवत नाही. तिने नाही म्हटलं. तिच्या आत्तेभावाने सात वर्षं दिली आणि घर थकलं, हे तिने जवळून बघितलं होतं. मी आग्रह धरला नाही. आता वाटतं, थोडा धरायला हवा होता.

बँकेच्या परीक्षा, आयबीपीएस वगैरे, त्यांना एमबीए लागतच नाही. पदवी आणि वय बसलं की झालं. पीओला, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या पदाला, वयाची मर्यादा तीस. ती वाट कुठल्याही निर्णयाने बंद होत नव्हती, म्हणून बाजूला ठेवली.

भाव

मग मी अण्णांना त्यांच्या भाषेत विचारलं. "वीस काउंटचं सूत चांगलंय म्हणून कुठल्याही भावाला घ्याल का?"

"नाही."

"मग या डिग्रीचा भाव काढू."

त्या कॉलेजची वर्षाची फी ८६ हजार. शिक्षण शुल्क ७६, विकास शुल्क १०. बुकिंगची सीट संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायची, पूर्ण फीची. दोन वर्षांचे १ लाख ७२ हजार. गेटपासला हा भाव जास्त होता. तीच सीट सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून मिळाली असती, तर ओबीसी म्हणून निम्मं शिक्षण शुल्क माफ. कॉलेज तेच, वर्ग तोच, मास्तर तेच. फक्त दार वेगळं. हे पावती फाडणाऱ्याने अण्णांना सांगितलं नव्हतं. का सांगेल?

आणि आमचं हे बोलणं चालू असतानाच, ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट तीच: प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तर वगळून. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळून. अण्णांचं उत्पन्न सव्वापाच लाख; विवरणपत्र मीच भरलं होतं.

म्हणजे दोन वर्षांचा खर्च विकास शुल्काचे वीस हजार, बसपास आणि वह्या. मी अण्णांना म्हटलं, या भावाला डोळे झाकून घ्या.

तरी फुकट नव्हतंच. माझ्या ऑफिसात तिला महिना अकरा हजारांवर ठेवायला मी तयार होतो. दोन वर्षांचे २ लाख ६४ हजार. कॉलेजला गेली की ते बुडाले. हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. त्यावर तोड अशी काढली की संध्याकाळी पाच ते आठ आणि शनिवारी तिने माझ्याकडे यायचं, साडेचार हजारांवर. बुडीत १ लाख ५६ हजारांवर आलं. हा तिच्या डिग्रीचा खरा भाव, आणि तो तिला मान्य होता.

आता अडलं एका कागदावर. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत मार्चमध्येच संपली होती. जात पडताळणी सुदैवाने बारावीतच करून ठेवलेली. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद मी दिले, थोरली सेतू केंद्रात रांगेला. पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या नावात आधारवर एक वेलांटी वेगळी. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत कॉलेजातून अण्णांना चार फोन आले, की उरलेली फी भरा नाहीतर सीट जाईल. चौथ्या फोनला अण्णा डगमगले होते, थोरलीने फोन हातातून घेतला आणि म्हणाली, "जाऊ दे सर."

कॅपच्या फॉर्मात तिने वर पुण्यातली दोन कॉलेजं टाकली, खाली सोलापुरातली तीन. दुसऱ्या फेरीत सोलापूर लागलं. तेच कॉलेज.

बुकिंगचे दहा हजार परत मागायला अण्णा तीनदा गेले. नियमाने प्रवेश वेळेत रद्द केला तर प्रक्रिया शुल्काचे हजार कापून बाकी परत करायचे असतात. पण पावतीला नंबर नाही. ते खातं वेगळं आहे म्हणतात. अजून आलेले नाहीत.

दीड वर्षानंतर

हे लिहितोय डिसेंबर २०२५ मध्ये. ती तिसऱ्या सेमिस्टरच्या शेवटाला आहे.

पहिल्या सेमिस्टरमध्ये बी.कॉम.चंच पुन्हा शिकवलं असं ती म्हणते. थोडा तिचा आखडूपणा आहे, थोडं खरं आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक सर मात्र तिला लाभले. ते पुस्तक बाजूला ठेवून बुडालेल्या कर्जांच्या गोष्टी सांगतात, आणि त्यांचा तास ती चुकवत नाही. म्युच्युअल फंड वितरकांची, सेबीच्या एनआयएसएम संस्थेची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे वायद्याच्या व्यवहारांच्या, परीक्षेत ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. तिथे नापास झाली. पुन्हा देणार आहे. रोज रात्री मैत्रिणीशी अर्धा तास फोनवर इंग्रजीत बोलते. वरच्या मजल्यावर लूमच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागतं. आई म्हणते, गल्लीला वाटतं पोरी भांडतायत.

उन्हाळ्यात आठ आठवड्यांची इंटर्नशिप होती. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ओळखीच्या ठिकाणचं पत्र आणलं आणि घरी बसले. थोरली एका नागरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. पहिला आठवडा झेरॉक्स. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी एका टॉवेल कारखान्याची फाइल दिली, स्टॉक स्टेटमेंटची बेरीज तपासायला. बेरीज बरोबर होती. तिने उधारीच्या यादीवर तारखा मागितल्या. यादीला तारखाच नव्हत्या. कारखानदाराकडून मागवल्या तेव्हा निम्मी उधारी १२० दिवसांवरची निघाली. त्यानंतर झेरॉक्स दुसरा मुलगा काढायला लागला. त्या बँकेत मार्चनंतर जागा निघणार आहे असं साहेब म्हणालेत. साहेब म्हणालेत, एवढंच, कागद नाही.

कॅम्पसला पहिली कंपनी आली ती विक्रीचीच. १९ हजार आणि इन्सेन्टिव्ह. ती बसली नाही. अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, "हातचं सोडून पळत्याच्या मागं" हे मला फोनवर तीनदा ऐकवलं. मी गप्प बसलो, कारण ते चूक असतीलच असं मलाही छातीठोक सांगता येत नव्हतं. नोव्हेंबरात ती खराडीला वॉक-इनला जाऊन आली. एक्सेलची परीक्षा निघाली, इंग्रजीच्या दोन मिनिटांत अडकली. सातवीने सांगितलं होतं तसंच. गड्ड्याची यात्रा झाली की पुन्हा जाणार आहे.

घरातलं स्टॉक स्टेटमेंट आता धाकटा भरतो. गेल्या महिन्यात त्याने हैदराबादवाल्याची जुनी उधारी तशीच ठेवून दिली होती. थोरली तेव्हा माझ्या ऑफिसात जीएसटीचे आकडे जुळवत बसली होती. फोन खांद्याला लावून, मान वाकडी करून, तिने त्याला एकेक ओळ वाचायला लावली आणि त्या ओळीवर आली तेव्हा म्हणाली, "ती खोड. पेन्सिलने नाही, पेनने."